मूठभर वाळूत वाळवंटी गुलाब

चेन्नईसारख्या महानगरात अंगण ही आता दुर्मीळ गोष्ट झाली आहे. सदनिकेच्या सज्जात कपड्यांची दोरी आणि धुलाईयंत्र यांतून उरेल तेवढीच जागा हौशी बागकाराच्या वाट्याला येते. एवढ्याशा जागेतही जोपासता येणारा छंद म्हणजे मांसल वनस्पती, अर्थात सक्युलंट, बियांपासून वाढविणे. चेन्नईच्या हवेत त्यासाठी विशेष अनुकूल ठरणारी वनस्पती म्हणजे अ‍ॅडेनियम, अर्थात वाळवंटी गुलाब.

अ‍ॅडेनियमचे मूळ आफ्रिका व अरबस्तानात असले, तरी आपल्या परिचयाच्या कण्हेर, सदाफुली आणि रुई यांच्याच कुळातील ही वनस्पती आहे. तिचे खरे वैभव तिच्या फुगीर बुंध्यात असते. पाण्याचा साठा तेथेच होतो. फांदी लावूनही रोप तयार होते, परंतु त्याला असा डौलदार बुंधा सहसा येत नाही. तो बियांपासून वाढलेल्या रोपालाच लाभतो. मात्र बीजरोपाची फुले मातृवृक्षासारखीच येतील याची शाश्वती नसते. म्हणूनच हव्या त्या रंगासाठी रोपवाटिकांमध्ये बीजरोपावर कलम करतात. छांदिष्टाला हीच अनिश्चितता मोहविते.

स्थळाची निवड विचारपूर्वक करावी. दगडासारखे दिसणारे लिथॉप्स थंड रात्री मागतात. चेन्नईच्या दमट उकाड्यात ते टिकविणे कठीण जाते. अ‍ॅडेनियमला उष्णता मानवते, पण ऊन भरपूर हवे. हे शहर १३ उत्तर अक्षांशावर असल्याने मे ते जुलैमध्ये माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यामुळे दक्षिणेकडील सज्जात त्या काळी थेट ऊन येत नाही. हिवाळ्यात मात्र ते मुबलक मिळते. कुंड्यांच्या जागा ऋतूनुसार बदलणे म्हणूनच आवश्यक ठरते.

पेरणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करावी. बी ताजे असावे, कारण जुन्या बियांची उगवणशक्ती झपाट्याने घटते. तळाला भोके असलेले उथळ पात्र घेऊन त्यात जाडसर वाळू, विटांचा बारीक चुरा आणि नारळाच्या काथ्याचा भुसा यांचे मिश्रण भरावे. बी आडवे ठेवून वर वाळूचा पातळ थर द्यावा आणि पात्र उजेडात, परंतु प्रखर उन्हापासून दूर ठेवावे. ताजे बी साधारणतः आठवड्याभरात उगवते. ओलावा फार राहिल्यास बुरशीमुळे कोवळी रोपे मुळाशी कुजून आडवी पडतात. म्हणून पृष्ठभाग सुकू लागल्यावरच पाणी द्यावे. चार-सहा पाने आल्यावर रोपे वेगळी करून हळूहळू उन्हाची सवय लावावी. पुढे प्रत्येक वेळी कुंडी बदलताना बुंधा थोडा वर उचलून लावल्यास तो अधिक खुलून दिसतो.

खरी कसोटी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात लागते. महाराष्ट्रात पावसाळा सरतो तेव्हा चेन्नईत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. पूर्व व उत्तरेकडील सज्जांत पावसाचे झोत येतात. या दिवसांत कुंड्या आत भिंतीलगत घ्याव्यात, त्यांखालील ताटल्या काढाव्यात आणि पाणी जवळजवळ बंद करावे. फेब्रुवारीत पेरलेल्या रोपांना पावसापूर्वी सात-आठ महिने मिळतात आणि त्यांचा बुंधा थोडाफार धरलेला असतो. लवकर पेरण्याचे कारण हेच. कण्हेरीप्रमाणेच या वनस्पतीचा चीकही विषारी असतो. घरात लहान मुले वा पाळीव प्राणी असल्यास कुंड्या त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात आणि छाटणीनंतर हात स्वच्छ धुवावेत.

या छंदाला आणखी एक बाजू आहे. दुर्मीळ मांसल वनस्पती जगभर त्यांच्या नैसर्गिक अधिवासातून उपटून विकल्या जातात. शिवनेरीसारख्या गडांच्या कड्यांवर आढळणारी शिंदळ माकुडी ही महाराष्ट्राची अशीच एक दुर्मीळ मांसल वनस्पती. बियांपासून रोपे करणारा छांदिष्ट रानातील झाड रानातच राहू देतो.

प्रारंभी दहा-वीस बिया पुरेशा आहेत. चांगली निगा राखल्यास वर्ष-दीड वर्षात पहिले फूल येते. तोवर सज्जात सामावणार नाहीत इतकी रोपे झालीच, तर शेजारच्या घरांतही वाळवंटी गुलाब फुलू लागतात.