जाहिरात कोण वाचतं?

लातूरचा ट्युशन एरिया घ्या, नाहीतर नांदेडचं श्यामनगर-भाग्यनगर. इथल्या पोरांना अभ्यास करा म्हणून सांगावं लागत नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरचं नाव नेऊन बसवलं, तेव्हापासून घोकणं, सराव पेपर आणि पहाटेचा गजर इथल्या घराघरांत मुरलाय. कमी पडते ती दुसरीच गोष्ट. जागा किती आहेत, वय कुठपर्यंत चालतं, कागद कोणता लागतो, हे विचारलं की उत्तर अभ्यासिकेतल्या मित्राचं येतं, फार तर चहाच्या टपरीवरचं. जाहिरात मात्र क्वचितच कुणी शेवटच्या पानापर्यंत वाचलेली असते. खालचे गैरसमज त्या न वाचलेल्या पानांतूनच जन्मले आहेत.

‘वय आहे की अजून, अडतीसपर्यंत’

हा सगळ्यांत महागात पडणारा समज. राज्य सेवेत खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांची मर्यादा आहे, हे खरं. पण ती सगळ्या दारांना लागू नाही. पोलीस शिपाई भरतीत खुल्या गटाचं वय २८ ला संपतं, मागासवर्गीयांचं ३३ ला. बँकेच्या लिपिक परीक्षेची मूळ मर्यादाही २८, अधिकारी पदाची ३०. केंद्रीय दलांतल्या शिपायांची जी ‘जीडी’ भरती स्टाफ सिलेक्शन कमिशन घेतं, तिची मूळ मर्यादा २३. केंद्राच्या नोकऱ्यांत ओबीसींना ३ आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सूट मिळते, तेवढीच. म्हणजे एखादा मुलगा राज्यसेवेचा ध्यास घेऊन अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत बसला, तर ‘अजून दहा वर्षं आहेत’ असं म्हणेपर्यंत बाकीची बरीच दारं त्याच्या मागं बंद झालेली असतात. ती बंद होताना आवाजही होत नाही, कारण त्या जाहिराती त्यानं उघडलेल्याच नसतात.

आता आकडे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. प्रत्यक्ष परीक्षेला बसले साडेआठ लाखांच्या आसपास. बसलेल्यांचाच हिशोब धरला तरी एका जागेमागे दीडशेहून जास्त. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज होते. म्हणून परीक्षा देऊच नका, असं मी म्हणणार नाही. दरवर्षी मुखेड, कंधार, अहमदपूर, निलंग्याची पोरं लागतात, लागत राहतील. पण एकाच जाहिरातीवर सगळं वय लावणं म्हणजे एकाच पिकावर सगळं रान पेरणं.

वयासारखाच कागदही अडवतो. २०२३ मध्ये एमपीएससीनं गट ब आणि क मिळून ८,१६९ पदांची जाहिरात काढली. त्यातली तब्बल ७,०३४ पदं एकट्या लिपिक-टंकलेखकाची होती. त्यासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द गतीचं शासनमान्य टंकलेखन प्रमाणपत्र लागतं. इतिहास, भूगोल, चालू घडामोडी कोळून प्यायलेल्या, पण टायपिंगला न गेलेल्या मुलासाठी जवळजवळ सगळी जाहिरात तिथंच संपली. टायपिंगचा कोर्स काही महिन्यांचा आहे आणि संध्याकाळी तासभर जाऊन होतो. स्पर्धा परीक्षेच्या पहिल्या वर्षातच तो आणि एमएस-सीआयटी उरकून टाकावं. ‘आधी मेरिट लागू दे, मग बघू’ म्हणणाऱ्याचं मेरिट त्या पदाला मोजलंच जात नाही.

आणि एक तारीख ठरवा. पदवीनंतर अमुक वर्षापर्यंत पूर्णवेळ अभ्यास, त्यानंतर हातात काहीतरी काम आणि उरलेल्या वेळात परीक्षा. ती तारीख घरच्यांना आधीच सांगून ठेवली की ऐन वेळी ‘एक अटेम्प्ट अजून’ म्हणायला तोंड उघडत नाही.

‘नीट क्वालिफाय झाला, म्हणजे डॉक्टर झाला’

हे लातूर-नांदेडचं खास दुखणं, म्हणून दोन ओळी. २०२५ ला देशभरात २२ लाखांवर मुलांनी नीट दिली आणि १२ लाखांवर पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा सरकारी-खासगी सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आसपास. पात्र ठरलेल्या दहांपैकी नऊ मुलांना एमबीबीएसची जागा मिळू शकत नाही, हे गणित रिपीट टाकायच्या आधी कागदावर करून बघावं. दुसरी रिपीट, तिसरी रिपीट अशी वर्षं जातात, आणि तोवर बी.फार्म, नर्सिंग किंवा लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेला वर्गमित्र पगार घेत असतो.

‘आयटीआय म्हणजे नापासांची सोय’

दहावीला चांगले मार्क पडलेल्या मुलाला आयटीआयला घातलं की पाहुणे विचारतात, ‘काय झालं?’ काहीच झालेलं नसतं. महावितरणनं २०२३ च्या अखेरीस काढलेल्या जाहिरातीत विद्युत सहायकाची ५,३४७ पदं होती. पात्रता काय? दहावी आणि वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं आयटीआय. नुसत्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. पदवीवर तिथं फॉर्मच भरता येत नाही. पहिली तीन वर्षं कंत्राटी असतात. त्या जाहिरातीत मानधन महिन्याला १५, १६ आणि १७ हजार असं चढत जाणारं होतं. काम समाधानकारक असेल तर पुढे तंत्रज्ञ म्हणून नियमित नेमणूक. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदालाही दहावीनंतरचं आयटीआय चालतं.

आयटीआय केलं की शिक्षण तिथंच संपतं, हाही गैरसमजच. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि तिथून डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दोन्ही जिल्ह्यांत शासकीय तंत्रनिकेतनं आहेत आणि नांदेडला १९८१ पासूनचं गुरू गोविंदसिंहजींच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दहावी, आयटीआय, डिप्लोमा, बी.ई. ही वाट लांबची आहे, पण तिच्या प्रत्येक टप्प्यावर उतरून नोकरीला लागता येतं. बारावी सायन्सवाल्याला मधे कुठं उतरायला जागा नसते.

‘पैसे दिल्याशिवाय काही होत नाही’

पेपर फुटतात, गैरप्रकार होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच केंद्रानं २०२४ मध्ये सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला. त्यात ३ ते ५ वर्षं कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि टोळी करून केलं तर ५ ते १० वर्षं कैद आणि किमान एक कोटी दंड. पण ‘मी लावून देतो’ म्हणणाऱ्या गावातल्या माणसाचा धंदा बहुतेक वेळा वेगळाच असतो. तो दहा जणांकडून पैसे घेतो आणि कुठंच काही करत नाही. त्यातले एक-दोघं स्वतःच्या अभ्यासावर लागतात. त्यांचे पैसे तो ठेवतो, बाकीच्यांना ‘वरून जमलं नाही’ म्हणत हळूहळू परत करतो, किंवा करतही नाही. लागलेला पोरगा जन्मभर समजतो की आपण पैशावर लागलो, आणि त्याच्या गावात पुढच्या भरतीला वीस जण पैसे घेऊन उभे राहतात. सर्वांत वाईट म्हणजे शेत विकून पैसे दिलेला मुलगा त्या भरवशावर अभ्यास सोडून देतो.

शिक्षकाच्या नोकरीबद्दल हा समज विशेष पक्का. डी.एड., बी.एड. झालेल्याच्या घरी ‘संस्थाचालकाशी बोलणं झालंय’ हे वाक्य अजून ऐकू येतं. अनुदानित शाळांतली शिक्षक भरती आता पवित्र पोर्टलवरून होते, त्यासाठी २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. ती २०१७, २०२३ आणि २०२५ अशी झाली आहे. अल्पसंख्याक संस्थांचा अपवाद सोडला, तर मुलाखत घेणाऱ्या संस्थेलाही पोर्टलनं पाठवलेल्या उमेदवारांतूनच निवडावं लागतं. चाचणी न दिलेल्याचं ‘बोलणं’ झालेलं असलं, तरी तो त्या यादीत येणार कसा?

‘सेंट्रलच्या नोकऱ्या हिंदी-इंग्रजीवाल्यांच्या’

होत्या, एकेकाळी. आता स्टाफ सिलेक्शनची एमटीएस आणि जीडीची परीक्षा मराठीत देता येते, रेल्वेचीही देता येते, सरकारी बँकांच्या लिपिक परीक्षेतही मराठीचा पर्याय आहे. ग्रामीण बँकेत तर मराठी येणं ही अटच. ज्या मराठवाडा ग्रामीण बँकेचं मुख्यालय एकेकाळी नांदेडला होतं, ती पुढे महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, आणि १ मे २०२५ ला तिच्यात विदर्भ कोकण ग्रामीण बँकही आली. आता राज्यभर एकच ग्रामीण बँक आहे. तिची भरती आयबीपीएसमार्फत होते, पदवी कोणतीही चालते. खेड्यातल्या शाखेत सोयाबीनच्या हंगामात काउंटरवर जी बोली चालते, ती आपलीच.

रेल्वेत आणखी एक मेख आहे. नांदेड हे रेल्वेचं विभागीय मुख्यालय आहे, पण हा विभाग दक्षिण मध्य रेल्वेचा, म्हणजे सिकंदराबादचा. लातूर मात्र मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, म्हणजे मुंबईकडे. फॉर्म भरताना इथली पोरं सवयीनं मुंबईचं रेल्वे भरती बोर्ड टाकतात. कोणतं बोर्ड घ्यायचं हे ज्यानं त्यानं जागांचा तक्ता बघून ठरवावं, पण तक्ता बघावा तरी.

‘लातूरला रेल्वेचा कारखाना आला, आता रेल्वेत लागू’

२०१८ ला पायाभरणी झालेल्या लातूरच्या डब्यांच्या कारखान्यात २०२० च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. पुढे वंदे भारतच्या शयनयान गाड्या बांधायचं कंत्राट रेल विकास निगम आणि रशियाच्या ट्रान्समॅशहोल्डिंग यांच्या किनेट या कंपनीकडे गेलं. कंपनीचा कामगार हा रेल्वेचा नोकर नव्हे. तिथं ना रेल्वेचा पास, ना वेतन आयोग. तिथं जायचं तर वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियनचा हात हवा, आमदाराची चिठ्ठी नव्हे.

अशा खासगी नोकरीत ‘तीन लाखांचं पॅकेज’ ऐकून महिन्याला २५ हजार हातात येतील असं धरू नये. मूळ पगार १२,५०० असेल, तर मालकाचा पीएफचा हिस्सा १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० त्याच पॅकेजात मोजलेले असतात. वरून तुमचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. हातात येतात एकवीस हजारांच्या आसपास. पुण्यातली खोली, मेस आणि नांदेडचं तिकीट त्या एकवीस हजारांतून काढायचं असतं, तेव्हा आकडा आधी विचारलेला बरा. नोकरी लावायला उमेदवाराकडूनच पैसे मागणाऱ्या कन्सल्टन्सीची पायरी मात्र चढू नये.

‘नाव नोंदवलंय, कॉल येईल’

जुन्या पिढीला एम्प्लॉयमेंटचं कार्ड म्हणजे नोकरीची रांग वाटायची. १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नुसत्या सेवायोजन कार्यालयाच्या यादीवर भरती न करता जाहीर प्रसिद्धीही द्यावी. आज महास्वयंमवरची नोंदणी रोजगार मेळाव्यांसाठी कामाची आहे, पण घरी पत्र येणार नाही. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंही तेच. बारावीला ६, आयटीआय-डिप्लोमाला ८ आणि पदवीला १० हजार महिना मिळतो, पण ते प्रशिक्षण आहे. कार्यालयात बसायला खुर्ची मिळाली म्हणून पद मिळालं असं होत नाही.

‘शेती आहे, नॉन-क्रिमिलेयर मिळणार नाही’

वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांची आहे, पण ते मोजताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिक्षक बाप आणि चार एकर रान असलेली कितीतरी मुलं केवळ ऐकीव माहितीवर खुल्या गटातून फॉर्म भरतात. दुसरं, राज्याचा गट आणि केंद्राचा गट एक नाही. भटक्या जमाती क आणि ड हे वर्ग राज्याचे. केंद्राच्या भरतीत धनगर आणि वंजारी उमेदवार ओबीसीत येतात, आणि त्याचा दाखला केंद्राच्या वेगळ्या नमुन्यात काढावा लागतो. मराठा उमेदवाराचं २०२४ च्या कायद्यातलं एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं आहे. केंद्रात त्याच्यापुढे ईडब्ल्यूएसचा मार्ग उरतो, आणि तिथं मात्र शेतीचं उत्पन्नही मोजतात, शिवाय कुटुंबाकडे ५ एकर शेतजमीन असेल तर दाखलाच मिळत नाही. नॉन-क्रिमिलेयरची मुदत ३१ मार्चला संपते. जाहिरातीत दाखला कोणत्या तारखेचा हवा हे लिहिलेलं असतं, बहुतेकदा मधल्याच कुठल्यातरी पानावर.