शटर वर जाताना आखडणारा वेळ

घाटकोपरच्या कुठल्याही बाजारगल्लीत सकाळी एकामागून एक शटरं वर जातात. दुकानदार वाकतो, कुलूप काढतो, दोन्ही हातांनी हिसका देतो आणि पत्रा खडखडत गुंडाळला जातो. याच घाटकोपरात 1959 साली जन्मलेले आणि इथेच स्टुडिओ थाटलेले चित्रकार अतुल दोडिया यांनी हा पत्रा कॅनव्हास म्हणून निवडला. शटरवर एनॅमल रंगात एक चित्र, शटर वर गेलं की मागच्या फळीवर दुसरं. 2001 साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये भरलेल्या 'सेंच्युरी सिटी' प्रदर्शनात, मुंबईच्या विभागात, त्यांची शटरं होती.

त्यांच्या पुढच्याच वर्षीच्या 'महालक्ष्मी' या शटरवर बाहेर कॅलेंडरवर असते तशी देवी आहे. शटर वर गेलं की दिसतात गळफास लावून घेतलेल्या तीन तरुणी, हुंड्याच्या बळी. दोन्ही चित्रं एका वेळी पूर्ण दिसतच नाहीत. पहिलं मनात धरूनच दुसऱ्यापर्यंत पोचावं लागतं. मधले ते खडखडाटाचे सेकंद म्हणजे या कलाकृतीचा तिसरा भाग, आणि मला सगळ्यांत विलक्षण वाटतो तो हाच. कारण हे सेकंद किती लांब वाटतील, ते बहुधा शटर कुणाच्या हाताने उघडलं यावर ठरतं.

लंडनमध्येच मेंदूशास्त्रज्ञ पॅट्रिक हॅगर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाने आपल्या मर्जीने बटण दाबायचं; 250 मिलिसेकंदांनी आवाज होणार. समोर फिरणाऱ्या काट्याकडे बघून, बटण कधी दाबलं नि आवाज कधी झाला ते सांगायचं. लोकांना बटण प्रत्यक्षापेक्षा सुमारे 15 मिलिसेकंद उशिरा दाबल्यासारखं वाटलं आणि आवाज सुमारे 46 मिलिसेकंद आधी झाल्यासारखा. कृती आणि परिणाम मनात एकमेकांकडे सरकले! मग मेंदूला चुंबकीय झटका देऊन तेच बोट इच्छेविना हलवलं, तर उलटंच घडलं: दोन्ही घटना एकमेकींपासून दूर गेल्या. पुढच्या प्रयोगांत काही सेकंदांच्या अंतरांतही हे आखडणं दिसलं. ते इच्छेमुळे घडतं की 'हे माझ्यामुळे झालं' या कार्यकारणाच्या खात्रीमुळे, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालूच आहे.

हात वेळ आखडतो, तर डोळा तो ताणतो. भिंतीवरच्या घड्याळाकडे झटकन नजर टाका. सेकंदकाटा क्षणभर थबकल्यासारखा वाटतो. नजर वळत असताना नीट काही दिसत नाही, म्हणून मेंदू ती पोकळी नजर वळल्यानंतर दिसलेल्या चित्रानेच भरून काढतो आणि ते चित्र आधीपासून समोर होतं असं मानतो. साहजिकच पहिला सेकंद लांबतो. हे दाखवणाऱ्या 2001 च्या संशोधनातही हॅगर्ड होते. आपण दिवसभरात असंख्य वेळा नजर फिरवतो, म्हणजे असंख्य वेळा वेळेला ठिगळ लावतो, आणि शिवण मात्र कधी दिसत नाही.

हाताने आखडणाऱ्या वेळेवर 2016 साली एक अस्वस्थ करणारा प्रयोग झाला. एमिली कास्पार, हॅगर्ड आणि सहकाऱ्यांनी सहभागींना समोरच्या व्यक्तीला विजेचा सौम्य झटका देणारं बटण दिलं. कधी निर्णय त्यांचा, कधी दुसऱ्याचा हुकूम. हुकमावरून बटण दाबलं तेव्हा ते दाबणं आणि त्यानंतरचा आवाज यांतलं अंतर लोकांना जास्त वाटलं. 'मी फक्त सांगितलं ते केलं' हे वाक्य तोंडात येण्याआधीच मेंदूने कृतीला परिणामापासून दूर सारलेलं असतं.

'महालक्ष्मी'समोर मला हेच आठवतं. शटर कर्मचाऱ्याने उघडलं तर त्या तिघी समोर येतात. प्रेक्षकाने स्वतः उघडलं तर त्या त्याच्या हातून समोर येतात, आणि बहुधा लवकर. म्हणून अशी कलाकृती जिथे मांडली जाईल तिथे, पत्र्याला ओरखडे पडण्याची जोखीम पत्करूनही, ते शटर प्रेक्षकाच्या हाती द्यावं असं मला मनापासून वाटतं.