शेतावरील लोखंडी घर आणि परवानगी

जहाजावरून माल नेणाऱ्या लोखंडी कंटेनरमध्ये शेतावर बिऱ्हाड थाटण्याची कल्पना आता नवी राहिलेली नाही. परंतु ‘पाया खणला नाही, मग परवानगी कशाला?’ हा समज खातेदारास महागात पडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतघराची व्याख्या भिंत मातीची की लोखंडाची यावर नव्हे, तर उपयोगावर केलेली आहे. खातेदाराचे कुटुंब वा गडी यांचा निवास, अवजारे, चारा, धान्य व गुरे यांसाठी असलेले शेतघर कलम ४१ अन्वये उभारता येते. शहरांलगतच्या काही क्षेत्रांत मात्र त्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तोच कंटेनर सहलीच्या पाहुण्यांना भाड्याने दिला, की तो शेतघर राहत नाही. शिवाय १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये पूर्वपरवानगीची अट आहे.

म्हणून विसार देण्यापूर्वीच सात-बारा उतारा व नकाशा घेऊन ग्रामपंचायत कार्यालय गाठावे. नकाशात दारे-खिडक्या अवश्य दाखवाव्यात. कंटेनरचा भार चार कोपऱ्यांवर असतो आणि नागमोडी पत्रा त्यास ताठपणा देतो. तो कापल्यास चौकटीभोवती लोखंडी आधार जोडावा लागतो. वीस फुटी रिकामा कंटेनरच दोन टनांहून अधिक भरतो, तेव्हा शेतरस्ता क्रेनला पुरेल काय, हेही आधीच पाहावे.