समतोल आणि स्थैर्य

उत्तरायणाला लहरीपुऱ्यातल्या गच्चीवर उभे राहिले की विमानविद्येचा एक धडा सहज मिळतो. पतंग नीट चढत नसेल तर किन्ना सोडून गाठ जरा सरकवतात. पतंग वाऱ्याला किती कलून राहील ते त्यावर ठरते. तो सारखा गिरक्या घेत असेल, तर खाली शेपटी चिकटवतात. दुखणी दोन, उपायही दोन. बोलताना मात्र आपण दोन्हीकडे ‘तोल’ हाच शब्द वापरतो. विमानात हा घोटाळा जिवावर बेतू शकतो.

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. असे विमान बांधणाऱ्या प्रत्येकापुढे दोन प्रश्न असतात.

पहिला स्थैर्याचा. झुळकीने नाक वर गेले, तर ते आपोआप खाली येते का? नाक उचलले की पंख आणि शेपटी यांवर मिळून वाढीव उचल येते. ती जिथे एकवटते तो तटस्थ बिंदू. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे असेल, तर ही उचल मागचा भाग वर ढकलते आणि नाक खाली येते. हे अंतर सहसा पंखाच्या सरासरी रुंदीच्या ५ ते १५ टक्के ठेवतात. रुंदी १४० सेंमी असेल, तर ५ टक्के म्हणजे अवघे ७ सेंमी. मागे ठेवलेले जड सामानही ते खाऊन टाकते. मग बॅटरी पुढे सरकवावी लागते किंवा आडवी शेपटी मोठी करावी लागते.

दुसरा प्रश्न समतोलाचा, म्हणजे वैमानिकांच्या भाषेतल्या ‘ट्रिम’चा. ठरलेल्या वेगात दांडी सतत रेटून धरावी लागू नये, म्हणून शेपटीच्या हलत्या फळीला छोटी पट्टी जोडतात. पट्टी खाली वळवली की वारा फळीला वर ढकलतो आणि हातावरचा भार उतरतो.

धोका इथेच आहे. गुरुत्वमध्य मागे गेलेले विमानही ट्रिममुळे क्षणभर सरळ उडते. पुढच्या झुळकीला मात्र नाक वर वर जात राहते. म्हणून पट्टीला हात लावण्याआधी तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून गुरुत्वमध्य काढायचा.

वर्गात हा फरक एका वाटीने दाखवता येतो. गोटी वाटीच्या तळाशी ठेवा, मग उपड्या वाटीच्या माथ्यावर. समतोल दोन्हीकडे आहे, स्थैर्य एकीकडेच.