ओल्या पृष्ठभागावरची पकड : हिरव्या काकईचा डिंक आणि शल्यचिकित्सा

अरबी समुद्राच्या कोकण किनाऱ्यावरील खडकांना चिकटून राहणारा हिरव्या शिंपल्याचा एक प्राणी ओल्या जखमा बंद करण्याच्या शास्त्राला मार्गदर्शक ठरला आहे. रत्नागिरीकडे काकई, तर मालवण-गोव्याकडे शिनाणे म्हणून तो ओळखला जातो आणि त्याचे शास्त्रीय नाव पेर्ना विरिडिस असे आहे.

दोन शिंपांमधून बाहेर येणारा काकईचा मांसल पाय खडकावर टेकतो, त्याच्या खोबणीत द्रवरूप प्रथिने स्रवतात आणि काही मिनिटांतच टोकाला चिकट चकती असलेला एक तंतू तयार होतो. असे अनेक तंतू मिळून लाटांचा मारा सोसतात. माणसाने बनवलेले बहुतेक डिंक पाण्याखाली निकामी होतात, कारण पृष्ठभागावर पाण्याचा आणि क्षारांच्या आयनांचा पातळ थर आधीच बसलेला असतो व डिंकाचे रेणू पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाहीत. रक्ताने व क्षारयुक्त द्रवांनी भिजलेल्या ऊतींवर शल्यविशारदांपुढेही हीच अडचण असते. टाके ऊतीला छिद्रे पाडतात. सायनोअॅक्रिलेट हा डिंक घट्ट बसतो, परंतु तो ताठर असतो आणि विघटन होताना त्यातून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडते. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपासून केलेला फायब्रिन डिंक शरीराला मानवतो, पण त्याची पकड कमकुवत असते.

या कोड्याची पहिली उकल 1981 मध्ये झाली. हर्बर्ट वेट आणि मार्विन टँझर या संशोधकांनी मायटिलस एड्युलिस या युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यांवरील काकईच्या चिकट प्रथिनात डोपा हे अमिनो आम्ल विपुल असल्याचे दाखवले. टायरोसिन या नेहमीच्या अमिनो आम्लाला आणखी एक हायड्रॉक्सिल गट जोडला गेला की डोपा बनते; एकमेकांशेजारच्या या दोन गटांच्या जोडीला कॅटेकॉल म्हणतात आणि ती धातू, खनिज तसेच सेंद्रिय पृष्ठभागांशी बंध जोडते. फिलिप मेसरस्मिथ यांच्या संशोधक गटाने 2007 मध्ये डोपाचाच निकटचा रेणू असलेले डोपामाइन सौम्य अल्कधर्मी पाण्यात विरघळवून, त्यात बुडवलेल्या जवळजवळ कोणत्याही वस्तूवर, अगदी टेफ्लॉनवरही, काही नॅनोमीटर जाडीचा चिवट थर बसवून दाखवला.

तथापि केवळ कॅटेकॉल पुरेसे नाही, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले, आणि त्यातील एक महत्त्वाचा अभ्यास नेमका आपल्या किनाऱ्यावरील हिरव्या काकईवर झालेला आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की या प्राण्याची चिकट प्रथिने एकाच वेळी नव्हे, तर ठरावीक क्रमाने स्रवतात. डोपाने समृद्ध असे पीव्हीएफपी-5 हे प्रथिन सर्वांत आधी येऊन पृष्ठभागावरचे पाणी दूर सारते आणि रंगकामातील अस्तराप्रमाणे पुढच्या प्रथिनांसाठी जागा तयार करते. त्याच वर्षी दुसऱ्या एका संशोधनात, डोपाच्या शेजारी असलेले धनप्रभारित लायसिन पृष्ठभागावरचे क्षारांचे आयन हटवून कॅटेकॉलला वाट करून देते, असे दिसून आले. डोपाचे ऑक्सिडीकरण लवकर झाले तर खनिजांवरील पकड सैल होते, मात्र मुळीच झाले नाही तर डिंक आतून घट्ट होत नाही; म्हणून काकई गंधकयुक्त प्रथिनाच्या साहाय्याने ही क्रिया आवरून धरते.

वैद्यकीय पदार्थांची रचना याच धड्यांवर होत आहे. एक ग्रॅम प्रथिनासाठी सुमारे 10,000 प्राणी लागतात असा अंदाज वर्तवला जात असल्याने, प्रथिने जिवाणूंकडून तयार करवून घेणे किंवा कायटोसानसारख्या जैवबहुवारिकांना कॅटेकॉल जोडणे हे मार्ग पत्करले गेले. खडकांना व जहाजांना चिकटणाऱ्या बार्नॅकल या दुसऱ्या सागरी प्राण्याचा डिंकही तेलकट द्रव्याने आधी पृष्ठभाग साफ करतो. त्यावरून प्रेरणा घेऊन मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2021 मध्ये सादर केलेल्या मलमात सिलिकॉन तेल रक्त बाजूला सारते व चिकट कण ऊतीला धरतात, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने सुमारे 15 सेकंदांत रक्तस्राव रोखला.

शरीरातील डिंकाचे मात्र केवळ चिकटण्याने भागत नाही: तो द्रव शोषून फुगला तर शेजारच्या नसा दाबल्या जातात, आणि जखम भरल्यावर त्याने निरुपद्रवी घटकांत विरघळून जायला हवे, उलट काकईचे तंतू टिकण्यासाठीच घडलेले असतात. म्हणून या प्राण्याकडून घ्यायचा धडा एखाद्या रेणूचा नसून क्रमाचा आहे: आधी पाणी हटवणे, मग धरणे आणि शेवटी घट्ट होणे. हा क्रम ज्या प्रजातीत उलगडला ती कोकणात आज प्रामुख्याने अन्न म्हणून ओळखली जाते. किनारपट्टीच्या महाविद्यालयांतील व प्रयोगशाळांतील अभ्यासकांनी तिला अभ्यासविषय म्हणूनही आपली मानले, तर या शास्त्रात मोलाची भर घालण्याची साधनसामग्री त्यांच्या दाराशीच आहे.