श्रद्धा, विश्वास आणि अंधश्रद्धा

बिदर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, महाराष्ट्राच्या सीमेला लागून औराद तालुका आहे. मृगाचा पाऊस झाला की येथील शेतकरी तूर, उडीद, सोयाबीन मातीत टाकतो. बियाण्यावर त्याचा विश्वास असतो, कारण गेल्या वर्षीचा अनुभव गाठीशी असतो. परंतु पुढचा पाऊस वेळेवर येईल याचे कोणतेही प्रमाण हाती नसताना तो पेरतो. त्या पेरणीत जे असते, त्याला श्रद्धा म्हणता येईल.

हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांची घडण मात्र वेगळी आहे. ‘विश्वास’ श्वस् धातूपासून आला. ज्याच्याजवळ निर्धास्तपणे श्वास घेता येतो, त्याच्यावर विश्वास. ‘निष्ठा’ स्था धातूची. म्हणजे ढळता न ठरणे. ‘श्रद्धा’ म्हणजे श्रत् अधिक धा. वैदिक शब्दसंग्रहात श्रत् हे सत्याचे नाव आहे. सत्य अंतःकरणात धारण करणे, हा श्रद्धेचा मूळ अर्थ. विश्वास अनुभवावर उभा राहतो आणि अनुभवाने मोडतोही. श्रद्धा आचरणाला दिशा देते. गीतेच्या सतराव्या अध्यायात तिचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. म्हणजे श्रद्धा आहे एवढ्यानेच ती शुद्ध ठरत नाही.

याच बिदरशी दामाजीपंतांची कथा जोडलेली आहे. बिदर तेव्हा बहामनी राज्याची राजधानी होती आणि दामाजी मंगळवेढ्याचे अधिकारी होते. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. पुढे विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन धान्याची किंमत चुकती केली, असे परंपरा सांगते. या कथेतील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. कोठारे आधी उघडली गेली, देव नंतर आला. दामाजींनी देवाशी करार केला नव्हता. ‘अमुक दे, तमुक वाहीन’ हा नवस व्यवहार असतो. शिक्षा समोर दिसत असतानाही योग्य ते करणे, ही श्रद्धा.

अंधश्रद्धा कोठे सुरू होते? पावसाळ्यात शेतात साप चावतो आणि घरचे रुग्णालयाऐवजी मांत्रिकाकडे धावतात, तेव्हा प्रश्न शब्दार्थाचा राहत नाही, जिवाचा होतो. सर्पविषावरील प्रतिविष रुग्णालयात मिळते आणि तेथे वेळ मोलाचा असतो. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कायद्यांनी हा भेद ओळखला आहे. महाराष्ट्राचा कायदा 2013 चा, कर्नाटकाचा 2017 चा असून तो 2020 मध्ये अमलात आला. सर्पदंशावर उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे दोन्हीकडे गुन्हा आहे. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना मात्र कायदा हात लावत नाही.

कसोटी साधी आहे. जी भावना प्रश्न विचारू देते, भय दूर करते आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडते, ती श्रद्धा. जी प्रश्नाला पाप म्हणते, भय वाढवते आणि कोणाची तरी तुंबडी भरते, ती अंधश्रद्धा. सर्पदंश झालेल्याला आधी रुग्णालयात न्यावे आणि मग देवाला हात जोडावेत. त्याने श्रद्धेत काही उणे येत नाही.