सध्या काय ऐकताय?

गाण्याचे दर्दी एकमेकांना भेटले की तब्येतीची विचारपूस दोन वाक्यांत उरकते आणि मग खरा प्रश्न येतो, ‘सध्या काय ऐकताय?’ आपल्या छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानासमोर ऐकू येतो, संत एकनाथ रंगमंदिरात मध्यंतरात ऐकू येतो, सिडकोत कुणाच्या घरी रविवारच्या चहाला तर हमखास येतो. त्याचं उत्तर एका शब्दात कधीच संपत नाही. कुणी ‘किशोरीताईंचा भूप’ म्हणालं की लगेच पुढची चौकशी: कुठला, एलपीवरचा की मैफलीतला? तबल्याला कोण? दुसऱ्या बाजूला काय आहे? ज्याला या प्रश्नांची उत्तरं देता येतात, त्याच्याकडे पुढच्या आठवड्यात बैठक ठरते.

या शहराला ऐकण्याची परंपरा फार जुनी आहे. ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला लिहिला गेला. ग्रंथाचा कर्ता शार्ङ्गदेव. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते आणि तो स्वतः यादवराजा सिंघण याच्या पदरी हिशेबखात्याचा प्रमुख होता. दिवसभर राज्याचे आकडे सांभाळणाऱ्या या माणसाने सात अध्यायांचा असा ग्रंथ रचला, की आजही हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही पद्धतींचे अभ्यासक त्याचा आधार घेतात. मला त्यातली गायकाच्या पंचवीस दोषांची यादी विशेष आवडते. दात आवळून गाणारा, नाकात गाणारा, घाबरत गाणारा, डोळे मिटून गाणारा, शब्द अस्पष्ट उच्चारणारा, लक्ष नसलेला. अशी यादी करायला समोर बसून वर्षानुवर्षं बारकाईने ऐकलेलं असावं लागतं. आपल्या परिसरातला पहिला मोठा कानसेन म्हणून मी शार्ङ्गदेवाचंच नाव घेईन.

दौलताबादहून घाट चढून वर गेलं की खुलताबाद. चौदाव्या शतकात चिश्ती परंपरेतले बुऱ्हानुद्दीन गरीब इकडे आले आणि 1337 साली इथेच त्यांचं निधन झालं. हजरत निजामुद्दीन औलियांची संभाषणं नोंदवून ठेवणारे कवी अमीर हसन सिजझी यांची कबरही खुलताबादलाच आहे. या मंडळींची साधना ‘समा’ची, म्हणजे ऐकण्याची. बगदादचे सूफी जुनैद यांच्या नावावर एक वचन सांगितलं जातं आणि इमाम गझालींनीही त्याचा विस्तार केला आहे: ऐकायला तीन गोष्टी लागतात, योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. गाणं कुणाचं, राग कोणता, हे त्यानंतर. अल्बम ऐकवण्याच्या आजच्या बैठकींना याहून चांगली नियमावली मला सापडलेली नाही. त्यातली तिसरी अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

मधली काही शतकं ओलांडून यंत्रांच्या काळात येऊ. 1902 च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मेणाच्या तबकडीवर कोरलं गेलं आणि आपल्याकडे ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय सुरू झाला. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तासाभराचा ख्याल तेवढ्यात बसवायचा म्हणजे आलाप, बोल, ताना सगळ्यांचं सार काढायचं. केसरबाई केरकरांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ ही तशीच साडेतीन मिनिटांची. 1977 साली व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर हीच भैरवी आहे. दुसरं यान निघालं 5 सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला. गोव्यातल्या केरी गावच्या या बाईंचा सूर आज सगळ्या ग्रहांच्या पलीकडे पोचला आहे.

तबकडी विकत घेणं फार थोड्यांना परवडे. बाकीच्यांची भूक रेडिओने भागवली. निजामाच्या राजवटीत आपल्या शहराला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, स्वतःचं रेडिओ केंद्र होतं, हे आज शहरात फारसं कुणाला ठाऊक नसतं. 1947 साली संस्थानी मुलखात पाच केंद्रं होती: त्रिवेंद्रम, म्हैसूर, हैदराबाद, बडोदा आणि औरंगाबाद. ते केंद्र पुढे बंद पडलं. आजचं आकाशवाणी केंद्र नंतरचं. 1957 साली विविध भारती आली आणि फर्माइशीच्या पत्रांतून श्रोते आपली आवड गावाच्या नावासकट देशाला कळवू लागले. निवेदक गाण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार अशी तिन्ही नावं सांगत. आमच्या आधीच्या पिढीचे कान त्या निवेदनांवर तयार झाले.

अल्बम या कल्पनेला खरा आकार दिला एलपीने. ही तबकडी अमेरिकेत 1948 साली आली. तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली आणि रागाला श्वास घ्यायला जागा झाली. 1967 सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार आहे. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्या वेळांच्या रागांतून मांडला आहे. त्याचे निर्माते जी. एन. जोशी म्हणजे आपले मराठी भावगीतगायक आणि एचएमव्हीचे अधिकारी. ही तबकडी सुटे तुकडे करून ऐकली, तर त्या दिवसाची गोष्टच हरवते.

बैठकीत काय घडतं, ते एका एलपीवरून सांगते. उस्ताद अमीर खाँ यांची 1960 सालची तबकडी, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्यात कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांचं राज्य. षड्ज हाताशी असूनही लांब ठेवायचा. झुमऱ्याच्या चौदा मात्रा इतक्या संथ चालतात, की नवखा माणूस समेची वाट पाहून दमतो. आमच्यातल्या एका शिक्षिकेने सुई टेकवण्याआधी एवढंच सांगितलं, ‘खाँसाहेब षड्जावर स्थिरावले असं वाटलं की बोट वर करा.’ बराच वेळ कुणाचंच बोट वर गेलं नाही. मग एक गेलं, घाईने खाली आलं. पुढे जेव्हा षड्ज खरंच लागला, तेव्हा खोलीतली सगळी बोटं एकदम वर होती, गाण्याचा गंध नसलेल्या शेजारच्या काकांचंसुद्धा. मारवा मी त्याआधीही पुष्कळदा ऐकला होता. षड्जाची एवढी ओढ मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवली, आणि ती सोबत्यांमुळे जाणवली.

शहरात असे कान घडवणारे गुरू होते. पं. नाथराव नेरळकर (1935–2021) नांदेडहून इथे आले आणि मराठवाड्यात त्यांनी शिष्यांच्या पिढ्या तयार केल्या. त्यांचे शिष्य मंचावर दिसतात; त्यांच्यामुळे घडलेले श्रोते सभागृहात बसलेले असतात. वेरूळ-अजिंठा महोत्सवात एखाद्या जागेला रांगेच्या शेवटून दाद येते, ती याच शिकवणीची.

तबकड्या जमवून ऐकवण्याचं काम राज्यभर जोमाने केलं ते ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने. 1990 साली मुंबईत ती स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी तिचं मानद सचिवपद सांभाळलं. एखादा विषय घ्यायचा, घरातल्या तबकड्या आणायच्या, माहिती सांगत वाजवायच्या, असं कामाचं स्वरूप. तुळजापूर, नांदेड, सोलापूर इथपर्यंत ही चळवळ पोचली. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या त्यांच्या नियतकालिकात कलावंतांच्या ध्वनिमुद्रिकांच्या याद्या आणि कंपन्यांचा इतिहास जतन झाला. सरकारी संग्रहालयाने करावं असं काम रसिकांनी पदरमोड करून केलं.

आज मोबाइलवर सगळं मिळतं आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे; तालुक्याच्या गावातली मुलगी आज रात्री मल्लिकार्जुन मन्सूर ऐकू शकते. पण तिथे तबलजीचं नाव बहुधा नसतं, साल चुकीचं असतं, कधी रागच भलता छापलेला असतो. कव्हरच्या पाठीवर जे छापलेलं असे, ते आता एकमेकांना सांगूनच टिकवावं लागणार आहे.

आणि म्हणून दिवाळीच्या साफसफाईत एक गोष्ट नक्की करा. माळ्यावरच्या तबकड्या आणि कॅसेटी रद्दीत देण्याआधी एकदा तपासा. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जाण्याआधी त्या कुणा दर्दी माणसाला दाखवा. तबकड्या आडव्या रचून ठेवू नका, पुस्तकांसारख्या उभ्या लावा; आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेली एलपी हमखास वाकडी होते. 78 ची लाखेची तबकडी पडली की फुटते आणि तिचे चर रुंद असतात, त्यामुळे एलपीची सुई तिला चालत नाही. कॅसेट वर्षातून एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, नाहीतर फितीचे पदर एकमेकांना चिकटतात. ज्या कॅसेटवर आजोबांच्या अक्षरात फक्त ‘बैठक’ लिहिलंय, ती सगळ्यांत आधी संगणकावर उतरवून घ्या. तिची दुसरी प्रत जगात कुठेही नसेल.

मग भाऊबीजेला जमलेल्या मंडळींना एक अल्बम पूर्ण ऐकवा, दोन्ही बाजू, फोन बाजूला ठेवून. सुरू करण्याआधी गाणाऱ्याचं, साथीदारांचं आणि रागाचं नाव सांगा. संपल्यावर समोरच्याला विचारा, ‘तुम्ही सध्या काय ऐकताय?’ आणि तो सांगेल ते लिहून घ्या.